मीठ कुणाकडं होतं

१

कस्तुराबाईचा एक कायदा होता. डोंगरात मुक्कामाला निघायचं तर प्रत्येकीनं एकच जिन्नस आणायचा आणि तो दुसरीनं आणायचा नाही. एकीकडं डाळ-तांदूळ, एकीकडं चहा-साखर, एकीकडं दशम्या. म्हणजे कुणी फुगून बाजूला बसली तर ती उपाशी, आणि तिच्याविना बाकीच्यांचंही अडलं. "रुसायचं आसंल तर घरी रुसा," ती सांगायची, "हितं समद्यांचं पोट एकमेकीच्या पिशवीत हाय."

दुसरा कायदा त्याहून कडक. मागं वळून बघायचं नाही. पुढं चालणारीनं पुढं बघायचं, मागं राहील तिनं पाय उचलायचे. "मागं बघत बसलं की चाल मोडती. मी काय वरात घेऊन निघाले न्हाई."

पेडगावची ही बाई साठी ओलांडलेली. नवरा गेल्यावर भावकीनं तिला देवळाच्या ओट्यावर जपमाळ घेऊन बसवायचं ठरवलं होतं. ती सॅक पाठीवर टाकून डोंगरात गेली. मोबाईलवरचा नकाशा वाचायला तिला कुणी शिकवलं नाही, आपलं आपण शिकली, आणि आपलं आपण शिकलेल्या गोष्टीचा माणसाला असतो तसा तोरा तिलाही होता. असावाच. फुकट मिळालेल्या शहाणपणावर मिरवणारे कमी आहेत का?

येलदरीच्या धरणामागं जे डोंगर पसरलेत, त्यांच्या खोबणींत जुनी तळी आहेत. कधीकाळी दुष्काळी कामांवर बायाबापड्यांनी माती वाहून पाळ घातली, पाणी साचलं, मग लोक विसरले. तिकडं जायच्या वाटा मोडल्या. आता शेरडं आणि त्यांच्यामागं एखादा हटकर धनगर, एवढेच फिरकतात. चैत्र सरला की सारा जिल्हा कूलरपुढं बसतो आणि कस्तुराबाई वाट सोडून या तळ्यावरून त्या तळ्यावर जाते. पाणी अजून पुरतं आटलेलं नसतं, गवत वाळल्यानं पाय कुठं टाकतोय ते दिसतं.

यंदा बरोबर सविता होती, परभणीला बँकेत कारकून. संघप्रिया होती, गंगाखेडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. दोघी पस्तिशी-चाळिशीतल्या, पायांनी दणकट, तोंडानं त्याहून दणकट.

दुसरा मुक्काम वरच्या तळ्यावर पडला. ऊन कलंडलं होतं. सवितानं तीन दगड मांडून पातेलं चढवलं, खिचडीला आधण आलं, तसा तिनं पातेल्यावरची नजर न काढता उजवा हात बाजूला केला.

"मीठ."

हातावर काही पडलं नाही. तिनं मान वळवली. बाजूला कुणी नव्हतं. संघप्रिया तंबूचे खुंटे ठोकत होती, कस्तुराबाई बुटातले खडे झटकत होती.

"मीठ कुणाकडं होतं गं?"

"तुझ्याकडंच असेल," संघप्रिया म्हणाली.

"माझ्याकडं डाळ-तांदूळ."

"माझ्याकडं चहा-साखर."

दोघींनी कस्तुराबाईकडं पाहिलं.

"मला काय बघायल्यात? माझ्याकडं दशम्या. कायदा मीच केलाय, मीच मोडीन का?"

"मग आणलंच नसंल," सविता म्हणाली आणि फिदीफिदी हसली. "आवं काकू, शहाण्यासुरत्या बाया डोंगर चढून आल्या आन् मीठ घरी!"

हसू असं चढलं की संघप्रियाच्या हातातला खुंटा गळाला. सगळ्यांत मोठ्यानं कस्तुराबाईच हसली. दशम्यांसोबतची चटणी लावून अळणी खिचडी खाल्ली. निम्मी संपली असेल तेव्हा सविता घास हातात धरून थांबली.

"पर कालची खिचडी तर मिठाची होती."

बाकीच्या दोघी खात राहिल्या, तशी तीच पुढं म्हणाली,

"व्हय की. मीच म्हणले, आज मीठ कसं बेतानं पडलंय."

"पुडीत चिमूटभर असेल, संपलं असेल," संघप्रिया म्हणाली. "जेव आता."

पटण्यासारखंच होतं. कस्तुराबाईलाही पटलं. फक्त भांडं विसळताना तिच्या उजव्या तळहातावरची भेग, जी उन्हाळ्यात दरसाल पडते, ती आग आग करायला लागली. जखमेला मीठ लागावं तशी.

२

उजाडताना ती पाण्यावर गेली. तळं खाली उतरलं होतं. काठचा गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या, आणि खपल्यांच्या पलीकडं पाणी शिळ्या चहासारखं थंड, तपकिरी पडलं होतं. टिटवी एकदा ओरडली आणि गप्प झाली.

पाण्याच्या कडेला एक सपाट काळा दगड होता. त्यावर पळसाचं एक पान. पानावर खडं मीठ.

ओंजळभर नाही, उधळलेलं नाही. एका घरच्या स्वयंपाकाला लागेल एवढं, बोटांनी नीट गोळा करून ठेवलेलं. पान ताजं होतं, देठाला तोडलेल्या जागी अजून ओल होती.

तुम्हाआम्हाला सांगायला नको, मीठ कुणी कुणाच्या हातावर देत नाही. हातावर दिलं की भांडण होतं म्हणतात. म्हणून खाली ठेवायचं, घेणारीनं खालून उचलायचं. शेजारीण मागायला आली तरी वाटी उंबऱ्यावर टेकवतात. कस्तुराबाई देवभोळी नव्हती, बुवाबाजीवर तर ती तोंडानं आसूड ओढायची, पण मीठ हातावर द्यायला तिचाही हात धजायचा नाही. आईनं लावलेली सवय, तिला बुद्धी लागत नाही.

हे मीठ रीतीनं ठेवलेलं होतं. घ्या म्हणून.

तिनं चहूकडं पाहिलं. पाळीवर कुणी नाही. उतारावरच्या सालईच्या झाडांची साल सोलून निघालेली, पांढरी, आणि त्यांच्यामधून पलीकडचं आभाळ दिसत होतं. माणूस असता तर दिसला असता.

आता खरं तर तिनं हाक मारायची. सविता, मास्तरीन, हिकडं या, बघा. इतकं सोपं काम. तिनं केलं काय, तर पान दोन्ही हातांनी उचललं, वाकली, आणि पाण्यात बुडवलं. मीठ क्षणभर खाली पांढरं दिसलं, मग दिसेनासं झालं. पान तिनं चुरगळून गाळात दाबलं आणि वरून बुटाची टाच फिरवली.

का, ते तिला सांगता आलं नसतं. चोरी करताना हात जसे घाईनं चालतात तसे तिचे हात चालले होते, एवढंच तिच्या लक्षात आलं. मग तिनं तळहात जिभेला लावला. भेग खारट होती. पण मीठ तर तिनं आत्ता शिवलंच नव्हतं, पान तेवढं धरलं होतं. आणि आग तर कालपासून होती.

३

तळी मागं टाकून त्या दुसऱ्या अंगानं उतरायला लागल्या. वाट नव्हतीच. करपलेल्या कुसळी गवतातून, दगडांच्या पायरीनं, कधी बसून, कधी बूड घसटत. बहावा जागोजागी फुलला होता, त्या पिवळ्या घोसांखाली सविता फोटो काढायला थांबली.

"काकू, काल तुमच्या पायात गोळा आला व्हता, आज कसाय पाय?"

कस्तुराबाई चालत राहिली. गोळा आला होता खरा. काल दुपारी, मधल्या तळ्याच्या पाळीवर. पोटरी दगडासारखी झाली होती आणि ती, कस्तुराबाई, ओरडली होती. ते तिला आवडलं नव्हतं.

"उतरला की आपसूक."

"आपसूक कसा उतरंल? तुमी तर कळवळायला लागल्या होत्या."

"म्हणलं ना उतरला."

आणि त्याच वेळी, पाय एका दगडावरून दुसऱ्यावर पडता पडता, तिला एक वाक्य आठवलं. तिच्याच तोंडचं. "बस मग हितंच." कसं म्हटलं, तेही आठवलं. दात आवळून, अर्ध्या वळलेल्या मानेनं, समोरचीला खाली पाडायचं असतं तेव्हा जशी ती बोलते तसं. त्यानंतर पुढं झपाझप टाकलेली पावलं आठवली, त्या पावलांतला ताठा आठवला.

कुणाला म्हटलं, ते आठवेना.

सविताला? सविता मागं थोडीच राहते, ती पुढं पळते. मास्तरणीला? मास्तरणीनं उलटून चार शब्द ऐकवले असते, ते लक्षात राहिले असते. माणूस चष्मा विसरतं, गॅस बंद केला का ते विसरतं. वय झालंय, मान्य. पण वाक्य ध्यानात ठेवून माणूस विसरायचं, ही कुठली तऱ्हा?

"अय्या, हा बघ ना," मागं सविता म्हणाली. "कालचा मधल्या तळ्यावरचा. लय झाक आलाय."

संघप्रियानं मोबाईलवर वाकून बघितलं. कस्तुराबाईही थांबली. फोटोत तळं होतं, पाळ होती, आणि पाळीवर तिघी ओळीनं उभ्या होत्या, पायापासून डोक्यापर्यंत. तिघी फोटो काढणाऱ्याकडं बघून हसत होत्या. कशाला तरी, कुणीतरी काहीतरी बोलल्यावर हसतात तशा.

"कुणी काढला?" कस्तुराबाईनं विचारलं.

सविताचं बोट काचेवरच राहिलं.

"दगडावर मोबाईल ठेवून टायमर लावला असेल," संघप्रिया म्हणाली.

"लावला व्हता का?"

"असेल ना, काकू. नाहीतर कसा निघंल?"

बोलणं बरोबर होतं. नाहीतर कसा निघेल. सवितानं मोबाईल खिशात घातला आणि पुढं तिनं फोटो काढला नाही.

४

डोंगराचा पाय लागतो तिथं एक जुना लिंब आहे. तिथून डांबरी रस्ता दिसतो, जिंतूरकडं जाणारी एसटी ठिपक्याएवढी दिसते. लिंबाखाली महारुद्र हटकर बसला होता. पहिल्या दिवशी खालच्या तळ्यावर ह्याच माणसानं त्यांना वर जायची दिशा दाखवली होती. शेरडं सावलीत रवंथ करत होती, तो काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

"आलाव का बाया? बरं झालं. तिला कामून सोडून आलाव?"

तिघींपैकी कुणीच "कुणाला" असं विचारलं नाही. पुढं कस्तुराबाईला त्याचंच जास्त टोचलं. निरपराध माणसानं आधी "कुणाला" असं विचारायला पाहिजे.

"कोण ती?" संघप्रिया शेवटी म्हणाली.

"ती तुमच्यातली. मधल्या तळ्याला बसलीय की कालधरनं. सकाळी शेरडं पाण्यावर नेली तवा म्हणलं, बाई, चल, खाली घालवतो. तर म्हणती, न्हाई बाबा, माझ्या बाया येतील मला न्यायला. पाणी दिलं तर घेतलं न्हाई. डोक्याव ऊन हाय, सावलीला तरी बस म्हणलं. उठली न्हाई." त्यानं कस्तुराबाईकडं मोहरा वळवला. "काल दुपारी तुमचाच आवाज आला ना, बाई? मी हितंच व्हतो. त्या तळ्यावरचं खाली ऐकू येतं आन् खालचं वर. डोंगर असा वाटीसारखा हाय. लय तोडून बोलल्या तिला तुमी."

"काय म्हणले मी?"

"आता माझ्या तोंडून कशाला काढायल्यात."

संघप्रियानं सॅक खाली टेकवली. वर्गात विचारते तशा सावकाश आवाजात तिनं विचारलं, "मामा, कशी दिसते ती? काय नेसलीय?"

"कशी म्हंजी..." महारुद्रनं तोंड उघडलं. सांगायला निघालेलं त्याच्या ओठावर आलेलं दिसत होतं. मग कपाळाला आठी पडली. त्यानं डोंगराकडं बघितलं, परत ह्यांच्याकडं. "बाईच हाय की. आपल्या बायांसारखी." थोडं थांबून तो म्हणाला, "आत्ता तर ध्येनात व्हतं."

आणि तो शेरडं उठवायला लागला, एवढ्या उन्हात, काही काम नसताना.

५

"तांड्यावरची असेल कुणी," तो गेल्यावर संघप्रिया म्हणाली. "डोक्यानं अधू असेल बिचारी. आपण खाली जाऊ, पोलीस पाटलाला सांगू, ते माणसं पाठवतील. आपल्याकडं पाणीबी तळाला गेलंय."

"व्हय, चला," सविता म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "मला काय ते बघायचं न्हाई. मला घरी जायचंय."

"सविता, येताना एसटीत तू कुणाशेजारी बसलीस?" कस्तुराबाईनं विचारलं.

"संघप्रियाजवळ."

"मी कुणाजवळ बसले?"

"तुमी आमच्या पुढं. खिडकीला."

"माझ्याजवळ कोण बसलं व्हतं?"

दोघींना आठवेना. कस्तुराबाईला मात्र आठवत होतं, चेहरा नाही, वजन. झिरो फाट्यापासून कुणाचं तरी डोकं तिच्या खांद्यावर पेंगत होतं. खोबरेल तेलाचा वास होता. खांदा अवघडला तरी तिनं काढून घेतला नव्हता. काढून घ्यावासा वाटला नव्हता. एसटीत खांद्यावर होती ती ओढणी अजून गळ्यात होती. तिनं टोक नाकाशी नेलं.

तेलाचा वास होता.

"काकू, ऐका," संघप्रियानं तिचा दंड धरला. "आपण तिघीच निघालो. आपण तिघीच आहोत. उन्हानं आणि कमी पाण्यानं माणसाला भास होतात, हे मी मुलांना शिकवते."

"शिकव. खोटं न्हाई तुझं." कस्तुराबाईनं दंड सोडवून घेतला. "पर भास झाला आसंल तर मी वर जाईन, कुणी नसंल, परत यीन. माझे पाय दुखतील, बस. आन् भास नसंल तर? ती तितं आमच्या बाया येतील म्हणून बसलीय, वैशाखाच्या उन्हात, पाण्याबिगर. अन् आपुन पोलीस पाटील हुडकत फिरायचं?"

"मग मीबी येते."

"नको."

इथं ती चुकली. मास्तरीन मनापासून म्हणत होती, तिला येऊ द्यायचं. पण वर जे काही होतं ते कस्तुराबाईच्या तोंडच्या शब्दांनी तिथं बसलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणी बघावं हे तिच्यानं सोसवलं नसतं. ती म्हणाली, "माझं मी निस्तरीन. तुमी लिंबाखाली बसा." सविताच्या बाटलीतलं पाणी आपल्या बाटलीत घेतलं. सॅक तिथंच टाकणार होती, मग तिच्या मनात आलं, ती उपाशी असेल. दशम्या सॅकमध्येच होत्या. तिनं सॅक पाठीवर चढवली.

चार पावलं गेल्यावर तिला दोघींची नजर पाठीवर जाणवली, आणि जिभेला जे वळण पडलेलं होतं तेच जिभेनं केलं.

"मागं बघत बसू नका."

६

दुपार डोक्यावर आली होती तेव्हा ती मधल्या तळ्याच्या पाळीवर चढली.

कुणी नव्हतं.

पाणी होतं, त्यावर न हलणारं ऊन होतं. पलीकडच्या काठाला एक बगळा एका पायावर. एवढ्या उघड्या जागेत आवाज कसला म्हणून नाही. तिला आधी वाटलं ते हेच, की सुटलो. बघा, कुणी नाही. सांगितलं होतं मास्तरणीनं. आणि त्या सुटल्याच्या भावनेची लगेच शिसारी आली, कारण ती कुणीतरी मेल्यावर आपल्यावर बालंट नाही आलं म्हणून वाटावं तशी होती.

पाळीच्या टोकाला बहाव्याखाली सपाट दगड होता. त्याच्याजवळचं गवत दबलेलं होतं. एक माणूस बसेल एवढं. समोरच्या मातीत दोन टाचा रुतल्याच्या खळ्या. सावली जवळच होती, हातभर सरकलं की मिळाली असती. तरी बसणारी उन्हातच बसली होती, कारण तिथूनच, फक्त तिथूनच, त्या तिघी ज्या दिशेनं गेल्या ती दिशा दिसत होती.

दगडावर पळसाचं पान होतं, वाळून कडक झालेलं. मीठ तसंच होतं.

कस्तुराबाई खाली बसली आणि मग सगळं नाही, पण एवढं आलं. पोटरीत गोळा, ती इथंच आडवी पडलेली, तोंडातून कळ निघालेली. सविता आणि मास्तरीन पाण्यावर गेलेल्या. कुणीतरी धावत येऊन गुडघ्यावर बसलं, पुडी सोडली, आणि घाईत, रीतभात न बघता, मीठ सरळ तिच्या तळहातावर ठेवलं. हिरव्या काचेच्या बांगड्या, त्यातली एक पिचलेली. "चाटा आक्का, वरनं पाणी प्या. उतरंल गोळा."

गोळा उतरला. आणि उतरल्याबरोबर कस्तुराबाईला लाज वाटली, आपण विव्हळलो आणि हिनं बघितलं याची. लाजेला तिच्याकडं एकच वाट होती. "हातावर मीठ देतात का गं? अक्कल गहाण टाकलीस का कुठं? आता भांडण लावून दे माझ्यात आन् तुझ्यात." ती हसत काहीतरी म्हणाली. कस्तुराबाई आणखी बोलली. चाल हळू आहे, नसतं लोढणं आणलंय, तुझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा. मग ती म्हणाली, दमलेय आक्का, जरा बसू द्या. मग ते वाक्य.

आक्का. सविता काकू म्हणायची, मास्तरीन काकू म्हणायची, गावात तिला बाई म्हणत. आक्का म्हणणारं तिला कुणी नव्हतंच. आणि ती हाक तर कानाला अशी सरावाची होती, जशी जन्मभर त्याच हाकेला ती ओ देत आली असावी.

"अगं..." ती मोठ्यानं म्हणाली आणि थांबली. पुढं नाव पाहिजे होतं.

७

तेव्हा खालून बोलणं ऐकू आलं. महारुद्र बोलला होता तसं, अगदी शेजारी बसून बोलावं एवढं स्वच्छ.

"पोटात कावळे ओरडायलेत गं." सविता. "दशम्या कुणाकडं होत्या?"

"तुझ्याकडंच असतील."

"न्हाई माय. माझ्याकडं डाळ-तांदूळ."

"माझ्याकडं चहा-साखर."

शेरडाची घंटा वाजली.

"मग आणल्याच नसतील," सविता म्हणाली, आणि दोघी हसल्या. मनापासून, निर्मळ हसल्या, काल कस्तुराबाई हसली होती तशा.

ती उठली. पाळीच्या कडेला गेली, सगळा जीव घशात आणून ओरडली. "सविताऽ! मास्तरीन! हितं हाय मी!" आवाज वाटीत फिरला आणि बगळा उडाला.

"काय ओरडलं गं?" खाली सविता म्हणाली.

"टिटवी असेल. चल, एसटी चुकंल."

लिंबाच्या सावलीतून दोन ठिपके निघाले. करड्या झुडपांतून रस्त्याकडं जायला लागले. चाल सुरेख होती दोघींची, एका लयीत, कुठं अडखळणं नाही. त्यांना चालायला तिनंच शिकवलं होतं. रस्ता येईपर्यंत तिनं एकच गोष्ट बघितली, कोणाची तरी मान वळते का. वळली नाही. एकदाही नाही. कायदा होता.

एसटी आली, थांबली, गेली.

कस्तुराबाई परत दगडाशी आली आणि दबलेल्या गवताच्या शेजारी बसली. दबलेल्या जागेवर नाही, ती जागा कुणाची तरी होती. सॅक सोडली. फडक्यातल्या दशम्या अजून मऊ होत्या, दुधात भिजवलेल्या टिकतात. तिनं एक मोडली, अर्धी पानाजवळ दगडावर ठेवली, अर्धी हातात धरली. समोरच बघत राहिली. वळायची हिंमत नव्हती म्हणा, की सवय नव्हती म्हणा.

ऊन तसंच होतं. पण तिच्या डाव्या खांद्यावर वजन आलं, एसटीत होतं तेवढंच, आणि खोबरेल तेलाचा वास आला.

डोळ्याच्या कडेला एक हात दिसला. हिरव्या बांगड्या, एक पिचलेली. मनगट उन्हानं रापून काळं पडलेलं. त्या हातानं चिमूट उघडली आणि दशमीशेजारी, दगडावर, मीठ ठेवलं. खाली ठेवलं, रीतीनं, घाबरत, परत बोलणी बसू नयेत असं.

कस्तुराबाईनं आपला उजवा हात पुढं केला आणि तळवा उघडला. भेग उघडीच होती.

"खाली कशाला ठेवतीस," ती म्हणाली. "हातावर दे."